चार गिअर मागे, एक पुढे

दातांच्या डॉक्टरांनी गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने मोटार बांधायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. त्याला आता वर्षं लोटली होती. लोखंडी पाइप कापून, जोडून, पुन्हा कापून डॉक्टरांनी गाडीची चासी, म्हणजे सांगाडा, उभी केली होती, आणि पेशंटचा जबडा तपासावा तसा तिचा एकेक सांधा ते बॅटरी लावून तपासत. बायकोची गाडी या काळात बाहेर झाडाखाली असायची आणि रोज सकाळी पक्ष्यांनी रंगवलेली मिळायची. बायको मुख्याध्यापिका होती. शाळेत तिला सगळे बाई म्हणत. घरी डॉक्टरही मनातल्या मनात बाईच म्हणत.

शेवटी बाईंनी निकाल दिला. "रविवारी मैदानावर घरी बांधलेल्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना? गेट बंद व्हायच्या आत तुमची गाडी स्वतःच्या इंजिनावर आत गेली, तर गॅरेज तुमचं, कायमचं. नाही गेली, तर सोमवारी भंगारवाला येईल."

"शेवटी थोडी ढकलली तर?"

"ढकलायची नाही. मी शेजारी बसणार आहे."

डॉक्टर निर्धास्त होते. एका जुन्या गाडीचं पुढचं इंजिन त्यांनी सीटच्या मागे बसवलं होतं, आणि जागा पुरेना म्हणून गिअरबॉक्ससकट उलटं फिरवून बसवलं होतं. मग गाडी ठोकळ्यांवर चढवून त्यांनी पहिला गिअर टाकला, दवाखान्यातला छोटा आरसा सीटवरून बाहेर धरला आणि मागचं चाक झकास पुढे फिरताना पाहिलं. आरशात पुढचं मागे दिसतं, हे ज्या माणसाला दिवसभर दाढा कोरताना लक्षात ठेवावं लागतं, तो माणूस त्या दिवशी आनंदाच्या भरात ते साफ विसरला.

रविवारी सकाळी बाई पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. डॉक्टरांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला. गाडी जोमाने मागे गेली आणि मागच्या फळीवरचे रंगाचे डबे एकेक करून खाली आले.

"आपल्याला दारातून जायचं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"रिव्हर्स पडला असेल चुकून." डॉक्टरांनी दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे आदळली आणि उरलेले डबेही पडले. मग त्यांनी घाबरत घाबरत रिव्हर्स टाकला, आणि गाडी कण्हत कण्हत पुढे सरकली. डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडीला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एक.

त्या एका गिअरवर ते कोपऱ्यापर्यंत आले. तेवढ्यात एका आजोबांनी नातवाची बाबागाडी ढकलत त्यांना मागे टाकलं, आणि इंजिनातून वाफ येऊ लागली.

"या वेगानं पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला पोचू," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "बाकीचे गिअर मागं जातात ना? मग मागं जाऊ या की."

"मागचं दिसत नाही. इंजिन मध्ये येतंय."

शाळेत वर्गावर मास्तर आले नाहीत, तर बाई स्वतः खडू घेऊन उभ्या राहत. त्याच सवयीने त्या सीटवर गुडघे टेकून पाठमोऱ्या बसल्या. "फिरवा गाडी. मी सांगते."

गाडी सुसाट निघाली.

"डावीकडे."

"तुझं डावं की माझं?"

"माझं. आता फक्त माझं. थांबा, कुत्रं आहे. गेलं. चला. तिसरा टाका."

"तिसरा?"

"टाका हो, मजा येतेय."

चौकात हवालदाराने हात केला. गाडीभोवती तो दोनदा फिरला. "बाजू बरोबर, वेग बरोबर, नुसतं तोंड चुकीचं. हे कुठल्या कलमात बसवू मी?"

"बसवू नका. उशीर होतोय," बाई म्हणाल्या. हवालदाराने कपाळ पुसलं आणि रस्ता मोकळा करून दिला.

मैदानावर पोचले, तेव्हा रखवालदार गेट ओढत होता. "बाहेर जायचं गेट पलीकडं," तो म्हणाला.

"आम्ही आत येतोय," डॉक्टर म्हणाले.

"तोंड तर बाहेर आहे. आत येणारी गाडी अशी असते होय?" त्याने गेट आणखी ओढलं.

जिंकायला आता बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

बाई सीटवर उभ्या राहिल्या. "हे बघा, माझ्या नवऱ्यानं एकेक पाइप हातानं जोडून ही गाडी बांधलीय, आणि अर्धं गाव पालथं घालून मी तिला इथवर आणलंय. ती आत जाणार. गेट उघडा." रखवालदाराने मुकाट्याने गेट उघडलं. गाडी दिमाखात पाठमोरी आत शिरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तू बोलली नसतीस, तर गॅरेज तुझं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. पण लग्न झाल्यापासून तुम्ही माझं सलग इतकं कधी ऐकलं होतं? डावं म्हटलं, वळलात. थांबा म्हटलं, थांबलात." बाईंचा चेहरा नुसता फुलला होता. डॉक्टरांना भरून आलं.

"उद्याच गिअरबॉक्स काढून सरळ बसवतो," ते म्हणाले.

"त्याला हात लावलात, तर गॅरेज माझं," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या गाड्या बघायला निघून गेल्या.