आगीसाठी राखीव

रजेवर आल्या दिवशी शहादेव छावणीत गेला आणि कडब्याच्या गंजीपुढे असा काही खिळून उभा राहिला, की आबासाहेबांना वाटलं, पोराला ऊन लागलं.

"काय झालं बे शाद्या?"

"आबासाहेब, ही गंजी अन् ती चहाची चूल, यांच्यात अंतर किती ठिवलंय?"

"पुरेसं हाय की. बसल्या जागेवरून चुलीत चिपाडं सारता येतात."

शहादेवने डोळे मिटून घेतले.

तलवाड्याकडून चकलांब्याला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात एक दूध संस्था होती आणि आबासाहेब तिचे चेअरमन होते. त्या वर्षी पावसाने अशी काही पाठ फिरवली, की विहिरींत उतरून पोरं क्रिकेट खेळू लागली. दूध आटलं. मग संस्थेने दुधाचा नाद सोडून आवारातच जनावरांची छावणी उघडली. टँकर आला तर आला, नाही तर नाही. पण कडब्याची गंजी होती. कुठून कुठून ट्रक आणून, लोकांच्या हातापाया पडून आबासाहेबांनी ती रचून घेतली होती. पावसाळ्यापर्यंत तेवढ्यावरच काढायचं होतं. गंजी गेली, की सगळ्या गावाची जनावरं बाजारात मातीमोलाने विकावी लागणार. शहादेवच्या बायनाआत्याची म्हैससुद्धा. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचं जे काही होतं, ते त्या म्हशीत होतं.

शहादेव तिकडे गुजरातेत अणुवीज केंद्रात आगीच्या खात्यात होता. त्या संध्याकाळी छावणीत सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"मंग आत्तापस्तोर किती आगी विझिवल्या?" बन्सीने विचारलं. बन्सी छावणीत जनावरांना चारा टाकायचा.

"एकबी न्हाई."

"आन् तरी पगार देतात?"

"एकबी लागली न्हाई म्हूनच देतात."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग शहादेवने सांगायला सुरुवात केली. तिथे वेल्डिंगची ठिणगी पाडायची, तर आधी लेखी परवाना लागतो. शिवाय ठिणगीपाशी एक माणूस नुसता बघत उभा करावा लागतो. काम संपलं, वेल्डर चहाला गेला, तरी हा तिथून हलत नाही.

"आता कशाकडं बघतो त्यो?"

"विझलेल्याकडं."

बन्सीने कपाळाला हात लावला. आयुष्यात आपण चुकीचा धंदा निवडला, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"तिथल्या भिंती अशा," शहादेव पुढे सांगू लागला, "की या खोलीत आग लागली तर शेजारच्या खोलीला तासन्‌तास पत्ता लागत न्हाई. भिंतीतून साधी वायर न्यायची तरी तिच्याभोवतीचं भोक बुजवावं लागतं. पंचाहत्तर साली अमेरिकेतल्या एका केंद्रात असंच भोक बुजवायलते. हवा कुठून शिरती ते बघावं म्हून एकानं मेणबत्ती धरली. ज्योत हवेनं आत वढली गेली, भोकात भरलेला फोम पेटला, अन् आतल्या वायरी तासन्‌तास जळत ऱ्हायल्या. तवापासून आमचे हे सगळे नियम."

"एका मेणबत्तीपायी?" आबासाहेब हळूच म्हणाले.

"एका मेणबत्तीपायी."

एवढ्या मोठ्या अमेरिकेचं एका मेणबत्तीने असं होतं, तर आपली ही गंजी किती आणि आपल्या बिड्या किती, हा हिशेब प्रत्येक जण मनात करत होता. बन्सीने हातातली बिडी पायाखाली चिरडली आणि सांगितलं नव्हतं तरी तिच्याकडे बघत उभा राहिला.

"शहादेवराव," आबासाहेब म्हणाले. शाद्याचा शहादेवराव झाला तो त्या घडीला. "तुमी सांगाल तसं."

शहादेवने चूल हलवली. मग संस्थेच्या मागच्या बाजूची जुनी सिमेंटची टाकी साफ करून घेतली आणि आलेला टँकर थेट तिच्यात रिकामा करायला लावला. "हे पाणी आगीसाठी राखीव. प्यायला न्हाई, जनावराला न्हाई, कशालाच न्हाई," त्याने सांगितलं.

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं, तर लोकांनी त्यालाच टाकीत बुडवला असता. पण हा अणूचा माणूस होता. आणि खरं सांगायचं, तर भरलेल्या टाकीचा थाटच निराळा होता. कोणी तरी भरपूर पाणी घेऊन बसलंय आणि ते संपत नाही, हे दृश्य गावाने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. लोक येऊन बघून जाऊ लागले. जवळ येताना चपला आपोआप निघायच्या. बाया भिंतीला गाल लावून उभ्या राहायच्या. बायनाआत्या तर रोज येऊन तळहात टेकवायची आणि म्हणायची, "गार लागतंय बाई. आत जीव हाय."

राखणीला गडी ठेवणं संस्थेला परवडणारं नव्हतं. म्हणून सहकाराच्या रीतीप्रमाणे घरटी पाळी लावली. या तासाला एका घराने टाकीपाशी बसायचं, पुढच्या तासाला दुसऱ्याने. टाकीत एक डबा तरंगत होता. त्याची दोरी कप्पीवरून बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला वीट लोंबत होती. टाकी भरलेली असली, की वीट खाली लाल खुणेवर. पाणी उतरलं, की वीट वर. शहादेव रोज सकाळी येऊन बघायचा. वीट रोज लाल खुणेवर. त्याचा ऊर भरून यायचा. तहानलेलं गाव राखीव पाण्याला हात लावत नाही, असं त्याने त्याच्या केंद्रात सांगितलं असतं, तर कोणी विश्वास ठेवला नसता.

इथपर्यंत सगळं नियमाने चाललं होतं. पण आबासाहेबांच्या मनाला एक गोष्ट खात होती.

"उद्घाटन ऱ्हायलं. संस्थेनं आजवर साधा खराटाबी बिगर उद्घाटनाचा वापरला न्हाई."

"आबासाहेब, आगीच्या टाकीला कशाचं उद्घाटन?"

"न्हाई कसं? नारळ फोडू, कापूर लावू. झालं."

कापूर म्हटल्यावर शहादेव ताठ झाला. बरीच घासाघीस होऊन शेवटी त्याने कापराला परवाना दिला. कापूर टाकीपाशी, गंजीपासून लांब. खाली पत्रा. आणि ज्योतीवर नजर ठेवायला बन्सी.

"तू हलायचं न्हाई. विझल्यावरबी तिकडंच बघत ऱ्हायचं."

"पापणी लवली तर नाव बदलीन," बन्सी म्हणाला. स्वप्नातली नोकरी त्याला घरबसल्या मिळाली होती.

कार्यक्रम देखणा झाला. आबासाहेबांनी नारळ फोडला. कापूर पेटला, विझला. बन्सी काळ्या डागाकडे डोळे फाडून बघत उभा राहिला. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या झाल्यावर दर वेळी जे होतं, तेच झालं. कोणी तरी कुंपणापाशी फटाक्यांची लड लावली. संस्थेच्या कार्यक्रमाला लड लागतेच. ती लावा असं कोणी सांगत नाही, त्यामुळे लावू नका असंही कोणी सांगितलं नव्हतं.

एक फटाका उडाला आणि थेट गंजीच्या शेंड्यावर जाऊन बसला. सगळ्यांनी तो बघितला, एकट्या बन्सीने नाही.

धूर दिसला. मग पिवळी जीभ.

"टाकी!" शहादेव जिवाच्या आकांताने ओरडला. "टाकीचा कॉक सोडा! पाइप घ्या!"

तो स्वतः गंजीवर चढून पेटत्या पेंढ्या उपसून खाली फेकू लागला. वळून बघतो तर टाकीकडे एक माणूस फिरकलेला नाही. सगळं गाव पाठ करून घराकडे धावत सुटलं होतं. आबासाहेब धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे. नियम सांगून झाले, टाकी भरून झाली, आणि ऐन वेळी माणसंच पळाली. खाली आत्याची म्हैस दाव्याला हिसके देत हंबरत होती.

पण गाव परत आलं. डोक्यावर घागरी, हातात कळश्या, हंडे, दुधाच्या बरण्या. आत्या सगळ्यांत पुढे. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. एकामागून एक भरलेलं भांडं वर येत होतं, शहादेव ओतत होता, रिकामं खाली जात होतं. ज्या गावात वाटीभर पाण्यावरून भांडणं व्हायची, ते गाव घरातलं पाणी आणून कडब्यावर ओतत होतं. शहादेवने मोठमोठे पंप पाहिले होते, पण असं पाणी चढताना कधी पाहिलं नव्हतं. ओतता ओतता त्याला रडू फुटलं.

आग विझली. गंजीचा एक कोपरा काळा झाला, बाकी सगळी वाचली. आत्या म्हशीच्या गळ्याला मिठी मारून बसली.

"अरे येड्यांनो," शहादेव खाली उतरून म्हणाला, "प्यायचं पाणी कावून आणलं? ही टाकी आगीसाठीच तर भरली होती!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शहादेवने जाऊन कॉक फिरवला. आतून थोडी हवा आली आणि एक पाल बाहेर पडली. त्याने विटेकडे बघितलं. वीट लाल खुणेवरच होती. मागून बारीक तारेने खिळ्याला पक्की बांधलेली होती.

"माझ्या पाळीला मी एकच घागर नेलती," आत्या म्हणाली.

"मीबी एकच."

"आमीबी."

"तार माझी हाय," आबासाहेब खाकरून म्हणाले. "पहिली पाळी माझीच होती ना."

"म्हंजे सगळ्यांनी पिऊन टाकलं?"

"पिऊन?" आत्या चिडून उठली. "आगीचं पाणी हाय ते! तोंडाला लावायला गेलं की तुजं थोबाड दिसायचं समोर. म्हून झाकून ठिवलं, देवापाशी. टँकर अगदीच बंद झाला तर बघू म्हणलं. आज तेच तर आणलं."

शहादेव त्या सगळ्यांकडे बघतच राहिला. टँकरभर पाणी, गावभर वाटलेलं, घराघरात झाकून ठेवलेलं, आणि थेंब न सांडता आगीवर आलेलं. त्याने सगळ्यांना हात जोडले.

आबासाहेबांना मात्र वेगळीच काळजी होती.

"शहादेवराव, तिकडं केंद्रात हे सांगू नका बरं. काय म्हणतील? त्यांचं पाणी कसं, एका जागी, कुलपात आसंल."

"एका जागी न्हाई ठेवत," शहादेव डोळे पुसत म्हणाला. "आगीचं पाणी एकाच टाकीत ठिवायचं न्हाई, असा नियम हाय. एकीला काय झालं तर दुसरी पायजे. म्हून दोन टाक्या बांधल्यात."

आत्याने रिकामी घागर कमरेवर घेतली.

"दोनच?" ती म्हणाली.