परराष्ट्र संबंधांचा मांडव

जनरेटरमधलं डिझेल सकाळीच संपलं आणि संशोधन केंद्राच्या सभागृहातले पंखे थांबले. राजधानी जुबातल्या उन्हाळ्यात बिनपंख्याच्या पत्र्याखाली परराष्ट्र धोरण कुणालाच सुचलं नसतं. तेवढ्यात तिथला संशोधक पिटिया याला संचालक लोमोरोंचा फोन आला.

"पिटिया, अंगणात मांडव घाल. मंत्रालयाचे अवर सचिव निघालेत. मी पुलावरच्या गर्दीत अडकलोय."

मांडववाला तोंबे हाताशीच होता. त्याने रस्त्यालगत पांढरा मांडव उभा केला, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आणि सवयीने बायकांसाठी चटयाही अंथरल्या. पिटियाने मागच्या कापडावर फलक बांधला : 'नवोदित राष्ट्राच्या परराष्ट्र संबंधविषयक संशोधनाचे अग्रक्रम'. विषय सहा होते. नदीचं पाणी, तेलवाहिनी, सीमा, शेजाऱ्यांशी व्यापार, वकिलाती आणि परदेशी कर्ज.

सातवा विषय पिटियाचा होता. उत्तरेच्या शेजारी देशात लढाई पेटली तेव्हा तिथल्या राजधानीत, खार्तूममध्ये, राहिलेल्या आपल्या माणसांचं पुढे काय झालं, आणि ते आपल्या सरकारने कुणाला विचारायचं? लोमोरोंनी तो दोनदा खोडला होता. "अरे, हे दुःख आहे, संशोधन नाही," ते म्हणाले होते. पिटियाची बहीण जोकुडू खार्तूममध्ये चहा विकायची. लढाई सुरू झाली आणि तिचा फोन बंद पडला, तो पडलाच. आज संचालकांना डावलून थेट अवर सचिवांनाच विचारायचं, असं पिटियाने ठरवलं होतं.

पण रस्त्याकडेला पांढरा मांडव आणि चटया दिसल्या, की ते मयताचं घर समजणारा जुबातला माणूस फलक वाचत बसत नाही. कोण गेलं हेही आधी विचारत नाही. चपला काढतो आणि आत येतो.

पहिली आली न्यानदेंग आजी. चटईवर बसली आणि तिने गळा काढला.

पिटिया धावला. "आजी, अहो, इथे कुणी गेलेलं नाही!"

"असंच वाटतं रे लेकरा," आजीने त्याचा हात धरला. "पहिल्या दिवशी असंच वाटतं."

"तसं नाही, आजी. खरंच कुणी मेलेलं नाही."

"पाणी द्या गं याला कुणीतरी. फार मनाला लावून घेतलंय."

मागोमाग शेजारपाजारची बायका-माणसं आली. एकाने साखरेची पिशवी आणली, दुसऱ्याने पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. तोंबेने गिऱ्हाइकाची अडचण ओळखून चहाचं आधण ठेवलं. पिटिया जितका नाही-नाही म्हणे, तितक्या बायका पदर डोळ्यांना लावत.

"फलकावर काय लिहिलंय हो?" एका म्हातारीने विचारलं.

"गेलेल्याचं नाव असणार," शेजारचा म्हणाला.

"एवढं लांब? मोठाच माणूस म्हणायचा."

केंद्रात मोठा माणूस एकच. बातमी बाजारात पोचेपर्यंत संचालक लोमोरो वारले होते. त्यांच्या मेहुण्याने खात्री करायला फोन लावला, पलीकडून "हॅलो" ऐकलं आणि घाबरून ठेवून दिला. "भावजींचा फोन दुसराच कोणी उचलतोय," तो रडत बायकोला म्हणाला, "आणि आवाजही काढतोय अगदी त्यांच्यासारखा!"

लोमोरो गाडीतून उतरले तेव्हा त्यांची सासुरवाडी मांडवात बसून होती. मेहुण्याने आधी कडकडून मिठी मारली, मग तो भडकला. "मेला नव्हतात, तर निदान कळवायचं तरी!"

"पिटिया!" लोमोरो दात आवळून म्हणाले. "हे काय चालवलंयस?"

पिटिया उत्तर देणार, तोच अवर सचिव आले. पिकल्या केसांचा, सभ्य माणूस. मांडव बघताच त्यांनी बूट काढले, मान खाली घालून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "केंद्राची ही हानी भरून न येणारी आहे."

"साहेब, हानी नाही. चर्चासत्र आहे," लोमोरो म्हणाले.

अवर सचिवांनी रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं. "मग या का रडताहेत?"

लोमोरोंनी पिटियाकडे पाहिलं. पिटिया आजीजवळ बसला. "आजी, तुम्ही नेमकं कुणासाठी रडताय?"

"माझ्या मुलासाठी," आजी साधेपणाने म्हणाली. "खार्तूमला होता. ना तो आला, ना त्याची बातमी. दारात मांडव कशाच्या आधारावर घालू? म्हणून कुठे मांडव दिसला, की तिथे जाऊन रडून येते."

"मीही तशीच," मागची एक म्हणाली. "माझा नवरा आहे तिकडे." मग आणखी एक बोलली. मग पाण्याचं खोकं आणणारा. मेहुणा खाली बघू लागला. अवर सचिवांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत बसले.

एवढ्यात रस्त्यावरून एक बाई तरातरा आली. ती पिटियाची आई होती. तिने चपला काढल्या नाहीत.

"माझ्या मुलाने मांडव घातला म्हणून बाजारात ऐकलं," ती म्हणाली. "जोकुडूला मारायची परवानगी तुला कुणी दिली रे?"

"आई, तिच्यासाठी नाही गं हा."

"मग कुणासाठी? आणि हे कोण?"

"सरकारचे साहेब आहेत."

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही सरकार ना? मग सांगा, माझी मुलगी कुठाय?"

"आई, ते अजून कुणालाच माहीत नाही," अवर सचिव उठून उभे राहिले. "कुणी शोधलंच नाही. आता त्याचा अभ्यास करायला लावतो."

"पहिला अग्रक्रम!" लोमोरो घाईने म्हणाले. "आजपासून हाच पहिला."

इतके महिने पिटिया ज्यासाठी झुरत होता, ते एका वाक्यात झालं.

"किती दिवस लागतात अभ्यासाला?" आईने विचारलं.

"तीन वर्षं," लोमोरो छाती फुगवून म्हणाले. कारण परदेशी निधी तेवढ्याच मुदतीचा मिळतो.

पिटियाने तोंड उघडलं. मनावर घेतलं तर एवढा वेळ कशाला लागतो, असं तो सांगणार होता. पण आईचा आवळलेला चेहरा हळूहळू सैल होत होता.

"म्हणजे तोवर ती गेली, असं कुणी ठरवणार नाही?"

"नाही, आई," पिटिया म्हणाला.

"माझ्या मुलाचंही त्यातच घाल रे बाबा," न्यानदेंग आजी चटईवरून म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

आई तोंबेकडे वळली. "काढ रे हा मांडव." मग पिटियाजवळ येऊन तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"अभ्यास नीट कर," ती म्हणाली. "घाई करू नकोस."