हौसाकाकूंचा डावा गाल

आमच्या सावेडीतल्या इमारतीत भर मे महिन्यात एका घरचा पंखा बंद असायचा. बिघडला होता म्हणून नाही. हौसाकाकूंनी त्याच्या बटणावर चिकटपट्टी मारून ठेवली होती. घाम पुसत बसलेल्या पाहुण्याला त्या शांतपणे सांगायच्या, "त्याचं वारं माज्या गालाला लागलं, की मी वरडनार. त्यापरीस तुमचा घाम बरा."

काकू मूळच्या शेवगावकडच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे, दिलीपकडे राहायला आल्या. त्यांच्या डाव्या गालात मधूनच वीज चमकावी तशी कळ उठायची. वारा लागला, पाण्याचा थेंब उडाला, घास जरा डावीकडे सरकला, एवढंही पुरे व्हायचं. मग बोलता बोलता काकू तोंडाशी पदर धरून दगडासारख्या बसून राहायच्या. कळ ओसरली, की अर्धवट सुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्यावरून झापताना मधेच कळ आली. सुटलो म्हणून तो उठायला लागला, तर काकूंनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच त्याची बाही धरली, आणि कळ गेल्यावर उरलेलं सगळं सुनावलं.

सुरुवातीला त्यांना वाटलं दाढ दुखतेय. म्हणून चांगल्या दाढा काढून घेतल्या. "भांडकुदळ भाडेकरू हाय तिथंच ऱ्हायला, अन् शेजारची गरीब मानसं मी घालवली," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

दिलीपची एमआयडीसीत नोकरी, त्याला रजा मिळेना. मी निवृत्त शिक्षक, शिवाय दारात गाडी. त्यामुळे मेंदूच्या डॉक्टरांकडे काकूंना मीच घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. तपासण्या पाहून म्हणाले, "आजी, चेहऱ्याची एक नस त्रास देतेय."

"मग कापा," काकू म्हणाल्या.

"आधी गोळ्या घेऊन बघू. थोड्या देऊ, हळूहळू वाढवू. पुष्कळांना तेवढ्यानंच उतार पडतो. नाही पडला किंवा गोळ्या सोसल्या नाहीत, तर ऑपरेशन आहेच."

"हळूहळू नको. एकदाचा सोक्षमोक्ष लावा."

सोक्षमोक्ष हा काकूंचा आवडता शब्द. भाजीवाल्याकडेही त्या भेंडीच्या भावाचा सोक्षमोक्षच लावायच्या. पण डॉक्टर काही भाजीवाले नव्हते. गोळ्या सुरू झाल्या.

पहिले काही दिवस काकू भिंत धरून चालायच्या. "सर, जमीन हलतीय का मीच?" असं विचारायच्या. चहात मीठ घालून मला दिला, आणि मी तोंड वाकडं केलं तर, "तुमालाबी नसंचा तरास सुरू झाला का काय," म्हणाल्या. एक दिवस तर कहर झाला. लवकर गुण यावा म्हणून त्यांनी आपल्या मनानंच दुप्पट गोळ्या घेतल्या. मी गेलो तेव्हा त्या कपाटाला दिलीप समजून जेवायला बोलावत होत्या. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं लगेच दवाखान्यात नेलं. संध्याकाळी जरा ठीक झाल्यावर मात्र मला राग आवरेना.

"काकू, एवढी कसली घाई आहे?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "राहात्याला माजी थोरली बहीन असती. अक्का."

अक्कांची नजर केव्हाच गेली होती. अलीकडे आठवणही जायला लागली होती. आवाज ओळखू यायचे नाहीत, नावं लागायची नाहीत. हातानं चेहरा चाचपला, तरच माणूस कळायचं. काकूंच्या डाव्या गालावर लहानपणीचा एक खळगा होता. अक्का त्यांना कडेवर घेऊन पळताना पडल्या होत्या, तेव्हाची दगडाची खोक. अक्कांची बोटं त्या खळग्यापाशी आली, की त्या म्हणायच्या, "आमची हौसा."

"मागं गेल्ते तवा तिनं हात लावला अन् कळ आली," काकू म्हणाल्या. "मी तिचा हात झटकला, सर. जोरात. ती घाबरून सुनंला म्हनली, ही कोन बाई हाय, मला मारती. तवापासून गेलेच न्हाई. समद्यांना विसरत चाललीय ती. माजा गाल बरा होईस्तोवर मी ऱ्हाईन का तिच्या ध्यानात?"

मी गोळ्यांची चिठ्ठी काढून त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवली.

त्यानंतर काकूंनी गोळ्या अगदी सांगितल्या तशाच घेतल्या. रक्त तपासायला सुई पुढे आली, तरी कुरकुर केली नाही. कळा विरळ होत गेल्या. एक दिवस पाहिलं तर काकू गॅलरीत उभ्या होत्या, आणि वाऱ्यासमोर डावा गाल करून बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, ऑपरेशनचं तूर्त राहू द्या. काकूंनी वाद घातला नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सर, गाडी राहात्याला न्याल का?"

अक्का ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. सुनेनं कानाशी जाऊन सांगितलं, "हौसामावशी आल्यात." अक्कांचा चेहरा कोराच. काकू खाटेपाशी फरशीवर बसल्या, आणि त्यांनी अक्कांचा हात धरून आपणच आपल्या डाव्या गालावर ठेवला. सुरकुतलेली बोटं कपाळावरून फिरली, नाकावरून आली, गालावर उतरली. काकूंचे डोळे क्षणभर गच्च मिटले. हात मात्र त्यांनी हलू दिला नाही.

बोटं खळग्यापाशी थांबली. पुन्हा पुन्हा तिथंच फिरली.

"लई लागलं का गं, हौसा?" अक्कांनी विचारलं. "आईला सांगू नगंस हां."

"न्हाई सांगत," काकू म्हणाल्या.