कोतवालाच्या माश्या

एका जंगलात, बाळांनो, मोबाइलचा टॉवर अजून पोचला नव्हता, तरी अक्कल वेळेवर गेली होती.

तिथे रानरेड्यांचा कळप राहायचा. कळपात उंडग्या नावाचा एक तरणा रेडा होता. त्याने कळपाची शाळा अर्ध्यात सोडली होती, कारण तिथले मास्तर वर्षानुवर्षं रवंथ करायला शिकवत आणि शिकवता शिकवता झोपत. शाळा सुटल्यापासून उंडग्या स्वतःला कळपातला एकमेव विचारवंत समजायचा. विचार कोणता, ते विचारू नका. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

त्या जंगलात एक कोतवाल पक्षी होता. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा. तो रेड्यांच्या पाठीवर बसून बातम्या सांगायचा. अगदी फुकट! त्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला हव्या होत्या माश्या. रेडा एका जागी जितका बसेल, तितक्या माश्या जास्त. म्हणून तो फक्त कान बघायचा. ज्या बातमीला कान टवकारले, तीच बातमी दुसऱ्या दिवशी जरा तिखट घालून.

म्हाताऱ्यांचे कान टवकारले ते सांबरांच्या बातमीला. आधी सांबरं तळ्यात नुसते पाय घालत होती. मग मुद्दाम शिंगांनी पाणी गढूळ करू लागली. शेवटी अख्खं तळं बळकावायचा त्यांचा कट निघाला. हे सगळं म्हातारे ऐकत होते ते त्याच तळ्यात, चिखलात लोळत.

"कसे खुळावलेत बघ," उंडग्या कोतवालाला म्हणायचा.

"हे तर काहीच नाही. आबा काल काय बोलले, ऐकलंस?" आबा म्हणजे कळपाचे म्होरके.

उंडग्याचे कान ताठ!

एका सकाळी ढांक्या धापा टाकत आला. हे सांबर म्हणजे उंडग्याचा लहानपणापासूनचा दोस्त. वाघाची चाहूल लागली की सांबरं ओरडायची आणि सगळं रान सावध व्हायचं. ढांक्याची आरोळी तर डोंगरापलीकडे जायची.

"उंडग्या, कळप आज आम्हाला हाकलायचं ठरवतोय. पाणी कोण ढवळतं, ते तू रोज बघतोस. चल, सांग की त्यांना!"

"आलोच. एवढं ऐकून घेतो. आबा म्हणतायत, शाळा सोडलेल्यांना डोकं नसतं. मला! डोकं नसतं म्हणे!"

"अरे, नंतर ऐक ना!"

"तू हो पुढे. म्हाताऱ्यांना आज असा झापतो, की बघच."

कोतवालाने आबांच्या आवाजात आणखी बरंच ऐकवलं. त्यातलं निम्मं आबा बोललेही नव्हते. उंडग्या तळ्यावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सांबरं डोंगर ओलांडून गेली होती.

"लाज वाटते का आबा? पाणी तर तुम्ही ढवळता!"

"हरकत कुणाची आहे का, म्हणून सकाळी विचारलं होतं. तेव्हा कुठे होतास?"

"मी... विचार करत होतो."

"दिसतंय," आबा त्याच्या पाठीवर घोंघावणाऱ्या माश्यांकडे बघत म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पाठीवरच्या त्यांना दिसायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी वाघ आला. कुणीच ओरडलं नाही. त्याने आबांना नेलं.

दुसऱ्या दिवशी कोतवाल म्हाताऱ्यांना सांगत होता, "वाघ सांबरांनीच धाडला!" सगळे कान टवकारले.

उंडग्या बाजूला एकटाच रडत होता. मग त्याने डोळे पुसले. ढांक्याला शोधून परत आणायचं, असं ठरवून तो उठला आणि डोंगराकडे निघालासुद्धा. तेवढ्यात पाठीवर काहीतरी हलकंसं येऊन बसलं.

"तुझंच बरोबर होतं रे पोरा," आबांचा आवाज म्हणाला. "आम्ही सगळे मूर्ख. शहाणा तू एकटाच."

उंडग्याचे कान टवकारले. तो खाली बसला.

तात्पर्य: बाळांनो, माश्या फक्त म्हाताऱ्यांच्या पाठीवर बसतात. आपल्या पाठीवर घोंघावतात, ते आपले स्वतंत्र विचार.