दत्तारामबाबांची हिरवी खुर्ची

इब्रामपूरहून पेडण्याला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमचे शेजारी दत्तारामबाब स्वतःची खुर्ची घेऊन चढतात. पत्र्याची, घडीची, हिरवी खुर्ची. सीट मिळाली नाही की ती मधल्या वाटेत उघडून ऐसपैस बसतात आणि कंडक्टरला तिकिटाचे अर्धेच पैसे देऊ करतात. का, तर बस मालकाची असली तरी बूड टेकलेय ते स्वतःच्या खुर्चीवर. मी रोजचा सहप्रवासी, त्यामुळे हा तंटा मलाच मिटवावा लागतो.

बाबांनी सारा जन्म शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवला. म्हणजे बसून काम. पुढे खाण बंद पडली, वय झाले, लक्ष्मीवहिनी गेल्या. मुलगी बांद्याला दिलेली. रिकाम्या घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरे, म्हणून त्यांनी पेडण्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या दारावर अर्ध्या दिवसाची राखणदारी धरली. तिथे पूर्ण दिवसवाल्यांना स्टूल, अर्ध्या दिवसवाल्यांनी उभे राहायचे. सुपरवायझर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. त्याला बाब शांतपणे म्हणाले, "बाबा, नोकरी अर्दी, पूण गुडगे पुराय दोन आसात मरे."

थोड्याच दिवसांत ते दोन्ही गुडघे सुजले. नोकरी सोडा, असे आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिले. पण नोकरी सोडली की पुन्हा त्या भिंती. बाब खुर्चीसकट बसस्टॉपवर हजर झाले.

दुकानात मात्र अर्ध्या दिवसाचा राखणदार बसलेला चालत नव्हता. म्हणून सुपरवायझर दिसला की बाब झटकन उठत आणि जवळच्या एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला आग्रहाने खुर्चीवर बसवत. म्हणत, सामान काय कुठे पळून जात नाही. मग त्या म्हाताऱ्यांना बसल्या बसल्या हळद आठवे, साबण आठवे, सुनेने सांगितलेले तेल आठवे. गल्ला वाढला तसा मालक खूश झाला आणि त्याने बाबांसाठी हातांची नवी कोरी खुर्ची आणून दारात ठेवली. नोकरी वाचली. बाबांपेक्षा मलाच जास्त आनंद झाला, कारण बसमधला तंटा आता कायमचा मिटणार होता.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर पाहतो तर बाब, आणि काखेत तीच हिरवी खुर्ची. मी चिडलोच. दुकानात नवी मिळालेली असताना हे लोढणे कशाला, म्हणून विचारले.

बाबांनी खुर्ची खाली ठेवली आणि रुमालाने तिची पाठ पुसली.

"ही म्हजी न्हय, तिची," ते म्हणाले. "सगळो जल्म हांव कामाक गेलों, आनी ती हिचेर बसून वाट पळयत रावली. आतां तिका घरांत एकटीक कशी सोडूं?"

मी त्या खुर्चीकडे नीट पाहिले. लक्ष्मीवहिनी पडवीत तांदूळ निवडत बसायच्या, ती ही खुर्ची, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

बस आली. त्या दिवशी मला खिडकीची सीट मिळाली होती. मी उठलो आणि आम्ही दोघांनी मिळून खुर्ची तिथे ठेवली.