झांगर्लबाईंचे वीस एक्के

माणूस दारातून आत आला की त्याच्या आयुष्यात किती अर्थ शिल्लक आहे, ते मी नुसत्या चालीवरून सांगतो. ऑस्ट्रियात, ग्राट्समध्ये बावीस वर्षं मानसोपचार करतोय, गंमत नाही! पण हल्ली सगळं मोजून दाखवावं लागतं, म्हणून एक परदेशी प्रश्नावली आणली. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे ‘अजिबात नाही’, पाच म्हणजे ‘पूर्णपणे’.

पहिला मान झांगर्लबाईंचा. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, नवरा गेल्यावर माझ्याकडे येऊ लागल्या. वर्षभरात छान सावरल्या होत्या. जूनमध्ये तळ्याकाठी एकटीने खोली घेऊन महिनाभर नाव वल्हवायला शिकणार होत्या. त्याच एका बेतावर बाई जगत होत्या म्हणा ना. पैकीच्या पैकी मिळणार, असं मी धरूनच चाललो.

त्या गेल्यावर कागद पाहिला. ‘माझ्या जगण्याला अर्थ आहे’: एक. ‘मी उद्याची वाट बघते’: एक. वीसच्या वीस एक! आणि ही बाई एकटी खोल पाण्यात जाणार. मी लगेच त्यांना फोन लावला. बाई फोन उचलेनात, तेव्हा अडीअडचणीला म्हणून लिहून दिलेल्या नंबरावर, त्यांच्या मुलीला, रोस्विथाला फोन केला.

रोस्विथा तासाभरात कुत्र्यासकट आईकडे राहायला आली. तिने तळ्याकाठची खोली रद्द केली आणि घरातल्या सगळ्या सुऱ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या.

आठवड्याने बाई आल्या.

“डॉक्टर, मी पाव हाताने तोडून खातेय. आंघोळीला गेले की दाराबाहेर मुलगी आणि कुत्रा बसतात. काय सांगितलंत तिला?”

मी कागद पुढे सरकवला. “बाई, तुम्ही सगळीकडे एक दिलात.”

“मग? आपल्या ऑस्ट्रियातल्या शाळांत एक म्हणजे उत्तम. हुशार पोरांना जन्मभर एकच देत आले. पाच नापासांना. तुम्ही शाळेत गेला होतात ना?”

“गेलो होतो. पण वर सूचना छापली होती.”

“सूचना मी द्यायचे. वाचायची सवय नाही.”

मला फार ओशाळल्यासारखं झालं. माफी मागितली, कोरा कागद दिला, पाच म्हणजे उत्तम हे दोनदा सांगितलं. बाईंनी सूचना बोट ठेवून वाचली आणि कागद भरून दिला. सगळीकडे दोन.

“दोनच?” मी विचारलं.

“गेल्या मंगळवारपर्यंत पाच होते,” बाई म्हणाल्या. “मग तुम्ही फोन केलात.”