आत्याचं गाणं कुठल्या खान्यात

सकाळपासून लेबलभाऊ संगणकासमोर बसून आपल्याच नातेवाइकांना नावं देत होते.

"नावं देताय की ठेवताय?" बायकोने जाता जाता विचारलं.

"देतोय. हे बघ, सगळं घर 'अज्ञात कलाकार' झालंय. तू अज्ञात, दादा अज्ञात, वहिनी अज्ञात. आणि गाण्याचं नाव काय, तर 'नवीन रेकॉर्डिंग'. शोभतं का हे?"

या कुटुंबात चार माणसं जमली की गाणी होत, आणि गाणी झाली की लेबलभाऊ मोबाइल पुढे धरून ती टिपून घेत. वर्षानुवर्षांची ती गाणी संगणकात एकावर एक पडली होती, भर पावसात अंगणात राहिलेल्या कपड्यांसारखी. आणि लेबलभाऊ कारखान्यात स्टोअरकीपर. नट असो, बोल्ट असो, ज्याला त्याला खाना आणि खान्याला चिठ्ठी. असा पसारा त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखा सलायचा. त्यातून संध्याकाळी आत्याचा वाढदिवस. सगळी गाणी टीव्हीवर लावायची आणि शेवटी आत्याने समोर बसून गायचं, असं ठरलेलं.

गायकाचं नाव भरलं, गाण्याचं भरलं. गाडी अडली ती 'प्रकार' या रकान्यापाशी. संगणकाने सुचवलेल्या प्रकारांत वहिनींचा आवाज कुठेच बसेना. मग लेबलभाऊंच्या बोटांनी जन्माची सवय दाखवली. स्टोअरमध्ये माल येतो तेव्हा त्याचे प्रकार ठरलेले असतात: मान्य, दुरुस्तीला, भंगार. त्यांनी एकेक गाणं ऐकलं आणि मालाला न्याय द्यावा तसा न्याय दिला. हा रकाना आपल्याशिवाय कोण बघतंय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

संध्याकाळी आत्याच्या घरी वहिनींनी लेबलभाऊंनी आणलेला गाण्यांचा पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पहिलंच गाणं वहिनींचं निघालं. आवाज यायच्या आधी पडदाभर अक्षरं आली. गायिका: वहिनी. प्रकार: दुरुस्तीला.

लेबलभाऊंनी हातातला कप खाली ठेवला आणि रिमोटसाठी इकडेतिकडे पाहिलं.

"भाऊजी," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "म्हणजे नेमकं काय दुरुस्त करायचं माझं?"

"ते... टीव्हीचं काहीतरी बिघडलंय. रिमोट द्या बघू इकडे."

"अं हं! माझा नंबर लागला ना? आता रांगेतल्या सगळ्यांचा लागू दे."

दादाचा लागला. प्रकार: दुरुस्तीला, गंज चढलेला. दादाने एकदा खाकरून पाहिलं आणि मान खाली घातली. मग बायकोचा. प्रकार: मान्य, पण जागा फार अडवतो.

"घरी चला," बायको पुटपुटली. एवढंच. पण त्या दोन शब्दांत पुढचा अख्खा आठवडा मावला होता.

लेबलभाऊंना वाटलं, जमिनीने आपल्याला एखाद्या खान्यात घ्यावं आणि वरून झाकण लावावं. कारण पुढे काय येणार, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

ते आलंच. गायिका: आत्या. गाणं: तेच, नेहमीचं. प्रकार: भंगार.

आणि आत्याचा कापरा, घसरता, पुन्हा सावरणारा आवाज हलकेच उतरला:

वाऱ्या, दाराशी बस, आत पाऊल टाकू नको,
माझ्या बाळाची ही नीज, कडी वाजवून मोडू नको.

लेबलभाऊंची आई ते पाळण्यात असतानाच गेली. तेव्हापासून आत्याने त्यांना याच दोन ओळींवर निजवलं होतं.

"काय लिहिलंय रे माझं?" आत्याने डोळे बारीक केले. "चष्मा आत राहिला माझा."

"छान लिहिलंय, आत्या," बायको घाईघाईने म्हणाली.

"मग सगळ्यांची तोंडं का शिवलीत? बाळ, तू वाच. तूच लिहिलंयस ना?"

खोटं बोलायला वाव होता. सगळी खोली त्यांना डोळ्यांनी खोटं बोल म्हणून विनवत होती. पण आत्यासमोर थापा मारायची त्यांना बालपणापासून चोरी.

"भंगार," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या.

आत्याने पदराची सुरकुती बोटाने सरळ केली. पुन्हा केली. "बरं," ती म्हणाली. "मग आज माझं राहू दे. घसाही धरलाय जरा."

घसा धरलेला नव्हता, हे सगळ्यांनाच कळलं. लेबलभाऊ पुढे सरकले, "आत्या, अगं, मी..." पण पुढचा शब्द त्यांना कुठल्याच खान्यात सापडेना.

तेवढ्यात टीव्हीने पुढचं गाणं घेतलं.

"थांबा, आत्या," वहिनी ताडकन उठल्या, "हे मी वाचते तुम्हाला. गायक: मी स्वतः. प्रकार: उत्कृष्ट, नमुन्यादाखल जपून ठेवणे!"

आणि लेबलभाऊ गाऊ लागले. म्हणजे टीव्हीतले. रिकामी बादली जिन्यावरून पायरी पायरीने खाली यावी तसा तो आवाज होता. वरच्या सुरापाशी बादली थांबली, डगमगली आणि एकदम तळाला गेली. खऱ्या लेबलभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्याला भंगार म्हटल्याची लाज होतीच, पण तिच्या शेजारी स्वतःला नमुना म्हणून मांडल्याची लाज त्याहून खोल गेली.

बोटांच्या फटीतून त्यांनी पाहिलं, तर आत्याचे खांदे हलत होते. रडतेय! ते धावत जाऊन तिच्या पायाशी बसले.

आत्या हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसत होती.

"अगं बाई!" तिने दम घेतला. "हा नमुना असेल, तर मी कशाला भिऊ? बंद कर गं तो डबा!"

वहिनींनी टीव्ही बंद केला. आत्या सावरून बसली आणि तिने वाऱ्याला दाराशी बसवलं. सूर आजही घसरला, आजही सावरला. मधेच तिने लेबलभाऊंच्या पाठीत एक बुक्की घातली. "गप्प काय बसलायस? म्हण की!"

लेबलभाऊंनी तोंड उघडलं आणि ते गायले, आत्याला ऐकू जाईल, पण बाकी कुणाला पत्ता लागणार नाही, एवढ्याच आवाजात.